पाळण्याशेजारची जागा

इंदुरातल्या छत्रीबागेतल्या त्या घरात आरसा खाली होता. फार नाही, वीतभरच. पण सुहासिनीबाईंना आपला चेहरा बघायचा तर मान लववावी लागे. ताठ उभं राहिलं की आरशात नुसता गळा दिसे. पूर्वी त्यात मंगळसूत्र असायचं, आता गळ्याची दोन हाडं.

आरसा बाळकृष्णरावांनी लावला होता, दाढीसाठी, आपल्या डोळ्यांच्या रेषेत. कपड्यांच्या खुंट्या त्याच रेषेत, कॅलेंडर त्याच रेषेत. स्वयंपाकाचा ओटा तर त्याहून खाली, सासूबाईंच्या मापाचा. सगळं घर ठेंगण्या माणसांच्या मापानं बेतलेलं, आणि त्यात उंचेल्या सुहासिनीबाई उभा जन्म घडी घालून राहिल्या.

लग्नात त्या नवऱ्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच होत्या. फोटोवाल्यानं हुशारी केली, नवरीला खुर्चीवर बसवलं आणि नवऱ्याला शेजारी उभं केलं. फोटोपुरतं निभावलं. मग पहिल्याच महिन्यात, बाळकृष्णराव वीज मंडळाच्या कचेरीत जायला निघाले असताना, बूट पुढं ठेवायला म्हणून तिनं उचलले तर ते हाताला जड लागले. आत बघितलं. टाचेखाली मोच्याकडून जादा चामड्याचे थर घालून घेतलेले. तिनं बूट होते तसे ठेवले. पण त्या दिवसापासून तिचे खांदे पुढं आले, छाती आत गेली आणि मान खाली झाली. कुणी सांगितलं नव्हतं. ते टाचेवर चढले तेवढी ही कमरेत उतरली, आणि दोघं रस्त्यानं निघाले की बघणाऱ्याला जोडा बरोबरीचा दिसायचा.

तिची आई जात्यावर एक ओवी म्हणायची. ती तेव्हा नुसती कानाला गोड लागायची.

*उंच वाढला जोंधळा, कणसानं गं वाकला,*
*माझा सखा वाटसरू, त्याच्या सावलीला थांबला.*

बाळकृष्णरावांना जाऊन आता तिसरं वर्ष. मूलबाळ झालं नाही. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत येते तेव्हा सुहासिनीबाई बालदी घेऊन दारात जातात. "राम राम, माताजी," गाडीवाला म्हणतो. "राम राम, भिया," त्या म्हणतात. कितीतरी दिवस असे जातात की दिवसभरातलं बोलणं एवढंच.

म्हणून गुरुवार. दर गुरुवारी दुपारी गल्लीच्या टोकाला दत्ताच्या देवळात बायकांचं भजनी मंडळ बसतं. आणि सगळ्या गुरुवारांचा गुरुवार म्हणजे दत्तजयंती. मार्गशीर्षातल्या पुनवेला दिवस मावळता मावळता देवाचा जन्म होतो, फुलांनी मढवलेला लाकडी पाळणा मधोमध येतो आणि त्याच्या शेजारी सतरंजीवर बसून, हातात दोरी धरून एक बाई पाळणा म्हणते. ती बाई किती वर्षं झाली, सुहासिनीबाईच. जन्मात हाताला पाळण्याची दोरी लागली ती तेवढीच.

पण ती जागा त्यांना हवी असायची ती आणखी एका कारणासाठी, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पाळणा संपला, सुंठवडा वाटला गेला, बायका उठू लागल्या, की पुरुषांच्या बाजूच्या खांबापाशी बसलेले बाळकृष्णराव गर्दीतून वाट काढत यायचे, समोर उभे राहायचे आणि हात पुढं करायचे. "उठा आता, आमचा विजेचा खांब." बायका पदराआड हसायच्या. सुहासिनीबाई खाली बसलेल्या, ते उभे. मान वर करून त्यांच्याकडं बघावं लागे. तेवढाच एक क्षण, चारचौघांत, ते आपोआप उंच असायचे, बुटांशिवाय, देवळातल्या अनवाणी पायांवर.

यंदा चैत्रात मात्र पाण्याची बालदी उचलताना कमरेत अशी कळ आली की बालदी सांडली आणि त्या भिंत धरून तिथंच टेकल्या. डॉक्टरांनी एक्स-रे काढले. मणके झिजलेत थोडे, पण नस दबलेली नाही, म्हणाले. गोळ्या दिल्या. दुकानातून त्यांनी स्वतःच कमरेचा पट्टा आणला आणि उठल्यापासून झोपेपर्यंत आवळून बांधू लागल्या. पट्ट्यानं बरं वाटे. पण खाली बसणं संपलं. देवळात मंजिरीनं, मंडळ तीच चालवते, त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणवली. खुर्ची भिंतीशी. खाली सगळ्या बायकांचे भांग, एकीच्या खांद्याला दुसरीचा खांदा, मांडीवर एकच वही दोघींत, आणि वर, मागं, एकट्या सुहासिनीबाई. त्यांचा आवाजही सगळ्यांच्या डोक्यांवरून एकटाच जाई.

गणपती गेले त्या आठवड्यात मंजिरीनं विषय काढलाच.

"सुहासिनीताई, राग नका मानू. जयंतीचं आत्ताच ठरवून टाकू. तासभर कीर्तन, मग जन्म, मग पाळणा. एवढा वेळ खाली बसणं तुम्हाला झेपायचं नाही. सुरुचीचा आवाज चांगला आहे, यंदा तिला म्हणू दे."

"खुर्चीवर बसून म्हणते ना मी."

"पाळणा जमिनीलगत असतो, खुर्चीवरून दोरी कशी धरणार? आणि मध्येच कळ आली, थांबावं लागलं तर? आपल्यात सुरू झालेला पाळणा मध्ये थांबवत नाहीत, तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

ते खरंच त्यांनीच शिकवलं होतं. सुहासिनीबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "मी बसून दाखवीन. जयंतीच्या दिवशी कीर्तनाला खाली बसेन. कीर्तन संपेपर्यंत नाही निभलं, तर दोरी सुरुचीची."

"बघा हं," मंजिरी म्हणाली. तिच्या आवाजात दुष्टावा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्यांना घरी येताना वाटलं. त्यात नुसती कीव होती.

दुसऱ्या दिवशी ई-रिक्षा करून त्या अन्नपूर्णेच्या मंदिराजवळच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये गेल्या. तिथली निधी इंदुरातलीच, मराठी घरातली, पण बोलताना एक पाय मराठीत आणि एक हिंदीत.

"काकू, पहले तर हा पट्टा काढा."

"त्यानंच तर उभी आहे मी."

"तेच तर ना. पट्टा काम करतोय, आणि पोटाचे मसल्स सुट्टीवर गेलेत. कमर एकटी कमरेवर नाही टिकत, काकू. पोट, पाठ, कूल्हे, सगळे मिळून धरतात तिला चारी बाजूंनी. तुमच्या कमरेला कुणी धरणारंच नाही राहिलं. एकटी पडली बेचारी."

सुहासिनीबाईंनी पट्ट्याला हात घातला. पट्टा सोडताना चिकटपट्टीचा मोठा आवाज झाला.

निधीनं त्यांना चालायला लावलं, बाजूनं बघितलं, मागून बघितलं. "वाकून कधीपासून चालता?"

"वय झालं."

"वयाचं नाही हे. वयाचं वाकणं अलग दिसतं. ही आदत आहे, खूप जुनी. इतक्या हाइटच्या बाईनं हे असं..." तिनं आपलेच खांदे पुढं आणून दाखवले. स्वतःला असं समोर बघून सुहासिनीबाई चपापल्या. त्यांना स्वतःचं वाकणं कधी दिसलंच नव्हतं. आरशात बघताना तर सगळेच वाकतात, असं धरून चाललेल्या.

मग सुरू झालं. उताणं झोपायचं, गुडघे दुमडून, आणि बेंबी पाठीच्या कण्याकडं ओढायची, श्वास न कोंडता. मग तसंच कंबर उचलून पूल करायचा. मग रांगत्या बाळासारखं चार पायांवर येऊन एक हात पुढं, उलट्या बाजूचा पाय मागं. पहिल्या दिवशी त्या भुईवर कलंडल्याच. "आरामसे, जल्दी नाही आपल्याला," निधी म्हणाली. ओझं उचलताना कमरेत नाही, गुडघ्यांत वाकायचं, आणि बालदी अंगाशी धरायची. ओटा बुटका आहे तर पोळपाटाखाली उंच पेटी ठेवायची, एक पाय पाटावर टेकवायचा. आणि खाली बसायचं ते सपाट भुईवर नाही, घोंगडीची जाड घडी करून तिच्या कडेवर. बसणं वर आलं की पाठ आपोआप उभी राहते.

"आणि शेवटचा, दीवारवाला. टाचा, कूल्हे, खांदे, डोकं, सगळं भिंतीला लावायचं. नजर सीधी. रोज. हा सगळ्यात सोपा आहे."

तो सगळ्यात अवघड निघाला.

त्यांच्या घरात पाठ टेकायला मोकळी भिंत एकच होती, आणि तिच्या समोरच्या भिंतीवर बाळकृष्णरावांचा फोटो. तोही त्यांच्याच डोळ्यांच्या रेषेत, कॅलेंडरच्या खिळ्यावर टांगलेला. पहिल्या दिवशी सुहासिनीबाईंनी टाचा टेकवल्या, खांदे टेकवले, हनुवटी आत घेऊन डोकं टेकवलं, आणि नजर सरळ केली. नजर फोटोच्या वरून गेली. चंदनाच्या हाराच्याही वरून, कोऱ्या भिंतीवर. त्या झटकन खाली आल्या, नेहमीच्या मापात. तिथं ते होते, बारीक मिशांत हसत.

घरात कुणी नव्हतं. तरी कुणाच्या देखत काही वावगं केल्यासारखं त्यांना वाटलं.

बाकीचे व्यायाम त्या नेमानं करू लागल्या. सकाळी गाडीवाल्याशी राम राम झाला की चटई घालायच्या. निधीनं अंक मोजायला सांगितलं होतं. मोजायला घरात दुसरं माणूस नाही, आणि आपलेच अंक आपल्याच कानाला कोरडे लागत. म्हणून त्या ओव्या म्हणू लागल्या. एक ओवी होईतो कंबर उचललेली ठेवायची, एक ओवी होईतो हात पुढं आणि पाय मागं. आईनं दळणाला लावलेल्या ओव्या लेकीनं कमरेला लावल्या. जात्याला निदान घरघर असते. इथं ओवी संपली की भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येई.

दसऱ्यापर्यंत त्या पट्ट्याशिवाय देवळापर्यंत जाऊ लागल्या. दिवाळीत स्वतः रांगोळी काढली, पाटावर बसून, लहानशी. पण खाली बसलं की थोड्या वेळानं कळ यायचीच. पाठ पुढं घसरायची, खांदे ओघळायचे, आणि मग कंबर बोलू लागायची.

निधीनं त्यांना घडीवर बसवून बाजूनं बघितलं. "ताकद आली आहे, काकू. पण बसलं की परत जुन्या जागी जाता. दीवारवाला करत नाही आहात ना?"

सुहासिनीबाईंनी पदर सारखा केला.

"काकू."

"समोर यांचा फोटो आहे गं."

"तर?"

"सरळ उभी राहिले की ते दिसत नाहीत."

निधीनं तिच्या वयाला सुचणारं सांगितलं. "तर फोटो वर लावून टाका ना."

परत येताना ई-रिक्षा पुलावर खोळंबली. खाली खान नदीचं पाणी संथ, शेवाळी. सुहासिनीबाई मनातल्या मनात फोटो वर लावून बघत होत्या, आणि तो काही त्यांना लावता येत नव्हता. तिथं ते कधी नव्हतेच. आयुष्यभर टाचेतलं चामडं घालून माणसानं जे सोसलं, ते मेल्यावर खिळा ठोकून पुन्हा करायचं?

टाचेतलं चामडं म्हणताच त्यांना तो दिवस आठवला. पूर्वीही आठवायचा, पण गमतीचा म्हणून.

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी बाळकृष्णरावांनी ते जुने बूट उचलून भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकले होते. नव्या सपाट चपला घालून दारात उभे राहिले. "झालं बुवा. आता आपली उंची आपल्याला मुबारक." आणि मग, तिच्याकडं न बघता, चपलेचा अंगठा सारखा करत, "आता तूही सरळ हो. पुष्कळ झालं."

तेव्हा त्या ओट्याशी पोहे परतत होत्या. मागं न बघता हसल्या. "मला सवय झाली आता," म्हणाल्या. आणि पोह्यांवर शेव घातली.

त्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र दोघं फिरायला जात, तेव्हा ते दोन पावलं पुढं चालू लागले होते. सुहासिनीबाईंना वाटायचं, सपाट चपलांनी चाल मोकळी झाली असेल.

रिक्षा हलली. "माताजी, बैठे रहना, गड्ढा आ रिया," चालक म्हणाला. सुहासिनीबाईंनी दांडी धरली. त्यांना आता दिसत होतं की आपण ज्याला माया म्हणत होतो ते बाळकृष्णरावांना रोज काय म्हणत असेल. त्यांनी आपले थर उतरवून टाकले होते. त्यानंतरही शेजारून वाकून चालणारी बायको दर पावलाला त्यांना सांगत होती, तुम्ही बुटके आहात, तुम्ही बुटके आहात. त्यांनी सोडवलं होतं, आणि ही सुटली नव्हती. आणि आता कुणाला सांगणार? ज्याच्यासमोर सरळ व्हायचं तोच उरला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी दिवा लावला नाही. भिंतीला पाठ लावली. टाचा, कंबर, खांदे, डोकं. नजर फोटोवरून गेली आणि त्यांनी ती जाऊ दिली. डोळे भरले तरी हनुवटी खाली केली नाही. ओवी तोंडात आली ती आईची नव्हती, तिथंच जुळली होती.

*तुम्ही उतरला पायरी, मी का उभी वाकून?*
*आता सरळ झाले राया, तुम्ही बघाल कुठून?*

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या परेशकडून हातोडी मागून आणली आणि आरसा वीतभर वर टांगला. फोटो होता तिथंच ठेवला.

दत्तजयंतीला देऊळ झेंडूनं भरून गेलं होतं. सुहासिनीबाई काखेत घोंगडी घेऊन आल्या, तिची जाड घडी करून पाळण्याच्या जागेशेजारी बसल्या. भिंतीशी खुर्ची मांडलेली होती. मंजिरीनं एकदा खुर्चीकडं आणि एकदा त्यांच्याकडं बघितलं. सुरुची पलीकडच्या बाजूला नवी साडी नेसून, ओठांत पाळणा घोळवत बसली होती.

कीर्तन लांबलं. बुवांना रंग चढला. सुहासिनीबाईंच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या, त्यांनी मांडी बदलली. कमरेत जुनी ओळखीची ऊब जागी होऊ लागली, कळ येण्याआधी येते तशी. शरीर आपल्या जुन्या जागी जायला निघालं, खांदे ओघळले, आणि सुरुचीनं नकळत दोरीकडं हात सरकवला.

सुहासिनीबाईंनी ते पाहिलं. त्यांनी बेंबी आत ओढली, श्वास न कोंडता. मग एकेक मणका वर, दळणारीण जात्यात मूठ मूठ वैरण घालते तसा, सावकाश. मान सगळ्यात शेवटी. ऊब कमरेत राहिली, पण वर चढली नाही. पोट धरून होतं, पाठ धरून होती. बुवांनी जन्माचा अभंग घेतला, घंटा वाजल्या, फुलं उधळली गेली, आणि पाळणा मधोमध आला.

मंजिरीनं दोरी उचलली. क्षणभर ती दोघींच्या मध्ये थांबली. मग दोरी सुहासिनीबाईंच्या हातात आली.

*अनसूयेच्या अंगणी गं पाळणा हा हाले,*
*तिन्ही देव बाळ झाले, दुधासाठी आले,*
*मोठेपण अवघे त्यांनी दाराशी ठेविले...*

तिसरी ओळ लांबवायची असते. गेली कित्येक वर्षं त्यांना ती दोन श्वासांत तोडावी लागत होती, आणि सगळ्यांना ती तशीच पाठ झाली होती. आज छाती उघडी होती. ओळ एका श्वासात गेली, खांबापर्यंत, आणि परत आली. मागून साथ देणारी सुरुची सवयीनं मध्येच श्वासासाठी थांबली होती. ती चुकली आणि हसून पुन्हा मिळाली.

पाळणा थांबला नाही.

सुंठवडा वाटला गेला. बायका उठल्या, गुडघे धरत, एकमेकींना ओढत, हसत. कुणी चपला शोधायला गेलं, कुणी पोरांना हाका मारत. सुहासिनीबाई बसून राहिल्या. त्यांनी हात थोडासा पुढं केला होता. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं, सवयीनं गेला होता. समोर कुणी नव्हतं. खांबापाशी कुणीतरी सतरंजी गुंडाळत होतं.

त्यांनी हात मागं घेतला. निधीनं शिकवलं होतं तसं एका गुडघ्यावर आल्या, दुसरं पाऊल पुढं रोवलं, हात मांडीवर ठेवला, पोट आत घेतलं आणि उठल्या. पूर्ण उठल्या.

मंजिरी घोंगडी उचलून द्यायला आली होती, ती मान वर करून बघतच राहिली. "अहो ताई, तुम्ही एवढ्या उंच होतात?"

"होते," सुहासिनीबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

देवळाच्या दारातून बाहेर पडताना त्यांच्या डोक्याला तोरण लागलं. असं कधी झालं नव्हतं. गल्लीत थंडी होती, कुठंतरी गराडूचा कंद तळल्याचा वास होता, आणि दिव्याखाली त्यांची एकटीची सावली लांब पडली होती. घरी येऊन आरशात बघितलं तर मान न लववता चेहरा दिसला, आणि केसांत झेंडूची एक पाकळी. त्यांनी ती काढली नाही.

मग फोटोसमोर घोंगडीची घडी घातली आणि तिच्या कडेवर बसल्या, पाठ ताठ ठेवून, नजर सरळ करून. नजरेला भिंत आली. मान वर करावी लागली, तेव्हा ते दिसले. उंच, हसत, थोडे खाली झुकल्यासारखे.

उठायची घाई नव्हती.